रेघेच्या आतलं घर

दिल्ली, १२ फेब्रुवारी १९८३

माय, दुरूनच तुह्या पाया पडतो. इश्वर भाऊ, हे मायले हळू वाचून दाखव, अन् आधी दार लावून घे.

मी बरा आहो. थंडी लय आहे, पण तू शिवलेली वाकळ पुरते. इथला भात मात्र आपल्या धानासारखा लागत नाही. गाय व्याली काय? शेजारच्या मंदाबाईचा खोकला कसा आहे?

विकासाचा वाटा गरिबायले कसा भेटन, हे शिकाले मी इथं आलो. आता इथल्या प्राध्यापक सरांनी आपल्या नदीवरच्या नव्या धरणाचा फायदा मोजाले लावलं. किती जमिनीले पाणी भेटन, किती ओलीत होईन, ते मोजलं. कोणाचं घर जाईन, ते मोजा म्हणून कोणी म्हणलं नाही.

काल नकाशा पाहिला, माय. धरणाचं पाणी जिथवर चढन, ती निळी रेघ आपल्या आंब्याच्या पलीकडून गेली आहे. घर रेघेच्या आत आहे.

रेघ अजून पक्की नाही, असं सर म्हणतात. म्हणून तुम्ही भिऊ नोका. मी भिऊन राहिलो तेवढं पुरे.

पुढच्या महिन्यात सरांसोबत पाहणीले गावात येणार आहो. त्यायले माहा तालुका माहीत आहे, गाव नाही. हे माहंच गाव आहे असं कळलं तर मले कामातून काढतील, मग बुडणाऱ्यांचं बोलाले तिथं कोणी राहणार नाही. म्हणून मले पाहून हाक मारू नोका. मी दारात आलो की तू भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतेस. त्या दिवशी हात आवर.

आम्ही गेल्यावर ओवाळ, माय. माह्यावरून नोको, घरावरून.

तुहा,
यादोराव