आमच्या फ्लॅटचं हिरवं पान

१ तारीख, सोमवार. सकाळी ७.
नव्या घरातला पहिला दिवस. ही साधी बिल्डिंग नव्हे, लो-कार्बन बिल्डिंग आहे. जाड भिंती, तीन-तीन काचांच्या खिडक्या आणि गच्चीवर मोठं मशीन. ते बाहेरची हवा गाळून, गार करून छतातल्या जाळ्यांमधून प्रत्येक खोलीत सोडतं. हॉलमधल्या पॅनेलवर चोवीस डिग्री लावून दिलंय. खाली लॉबीत बोर्ड आहे, त्यावर प्रत्येक फ्लॅटपुढे एक पान. वीज कमी वापरली तर हिरवं, जास्त तर पिवळं, उधळपट्टी केली तर लाल. महिनाअखेर सगळ्यांत काटकसरी घराला 'आदर्श घर' म्हणून पाटी मिळणार.

संकल्प : पाटी आपल्याच दारावर.

दुसरी आनंदाची गोष्ट म्हणजे आई आली. इतकी वर्षं धाकट्या भावाकडे होती, त्या जुनाट घरात. महिनाभर राहून बघते, मानवलं तर कायमची इथेच, म्हणाली. मानवणारच. तिचा पहिल्यापासून माझ्यावर जास्त जीव आहे. भावाला हे अजून कळलेलं नाही.

३ तारीख, बुधवार.
पान पिवळं! दोन दिवस पॅनेलची सगळी बटणं दाबून बघितली, तरीही. तळमजल्यावरच्या रिटायर्ड ग्रंथपालांचं मात्र हिरवंगार. त्यांच्या घरात सहा माणसं. काहीतरी काळंबेरं आहे.

पॅनेल चोवीसवरून अठ्ठावीसवर नेलं. बायको म्हणाली, उकडतंय. उकाडा हा मनाचा खेळ आहे, असं मी तिला समजावलं. ती मुलीच्या वहीने वारा घेत ऐकत होती. पटलं असावं, कारण काही बोलली नाही.

५ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी.
आईने खिडकी उघडली. अकरा मिनिटं. बाहेरची गरम हवा आत आली की मशीनला दुप्पट कष्ट पडतात, हे तिला पाऊण तास उदाहरणांसकट सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, तुझं झालं असेल तर उघडू का परत.

स्क्रूड्रायव्हर घेऊन सगळ्या खिडक्यांच्या मुठी काढल्या आणि ऑफिसच्या बॅगेत ठेवल्या. घरच्यांवर अविश्वास नाही. फक्त खबरदारी.

८ तारीख, सोमवार.
आजपासून फ्रिज दिवसातून तीनदाच उघडायचा. आत काय कुठे ठेवलंय याचा नकाशा दारावर चिकटवला. मुलीने मधल्या कप्प्यावर 'शत्रूचा प्रदेश' असं लिहून ठेवलं. विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय.

स्वयंपाक सकाळी सहाच्या आत उरकायचा, असाही नियम केला. बायको म्हणाली, मग तो तुम्हीच करा. विचार करून नियम मागे घेतला. नेत्याने लवचिक असावं.

१० तारीख, बुधवार.
हल्ली ऑफिसात खूप काम असतं. साडेआठच्या आत निघताच येत नाही. तिथे एसी वीसवर, म्हणून स्वेटर नेतो. तिथला कार्बन कंपनीचा, तो माझ्या पानात धरत नाहीत.

१३ तारीख, शनिवार.
पान अजून पिवळं. पण आता जरा हिरवट पिवळं वाटतं. बायकोला खाली नेऊन दाखवलं. तिला फरक दिसला नाही. पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

आई रोज दुपारी ग्रंथपालांकडे जाऊन बसते, हे आज कळलं. त्यांच्याकडे छान गार वाटतं, डोळा लागतो, म्हणाली. त्यांचं पॅनेल चोवीसवरच आहे म्हणे, कधी हातच लावला नाही. चोवीसवर ठेवून हिरवं पान? सरळ सरळ फसवणूक.

टेक्निशियनबाईंकडे तक्रार केली. या बाई मशीन सांभाळतात. म्हणाल्या, मशीन चोवीसला हिशोबानेच बसवलंय, एकसारखं चालू दिलं की कमी वीज खातं. सारखी बटणं दाबणाऱ्यांचीच पानं पिवळी होतात. मी विचारलं, असं कोण करतं. त्या हसल्या. बहुतेक चौथ्या मजल्यावरच्यांचं नाव घ्यायचं नसावं.

१६ तारीख, मंगळवार.
नामी युक्ती सुचली! जाळ्याच बंद करायच्या. गार हवा आत आलीच नाही, तर वीज लागणार कशाला? सामान हलवताना आणलेल्या खोक्यांचे पुठ्ठे कापले, टेप लावली. हॉल, बेडरूम, मुलीची खोली. आईच्या खोलीशी जरा अडखळलो. पण नियम सगळ्यांना सारखा.

आई पलंगावर बसून बघत होती. विचारलं तिने, बाळा, आमचं काही चुकलं का. काहीतरीच विचारते.

१७ तारीख, बुधवार.
पान हिरवं!!! फिकं आहे, पण हिरवं. बोर्डाचा फोटो काढून भावाला पाठवला. त्याने उलट विचारलं, आई कशी आहे. विषय कसा बदलावा हे त्याच्याकडून शिकावं.

१९ तारीख, शुक्रवार.
आईचं डोकं दोन दिवस दुखतंय. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा हवी. हल्लीचे डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात. तरी पॅनेल सत्तावीसवर आणलं. आईसाठी एवढं करायलाच हवं. (पुठ्ठे आहेत तसेच आहेत, पण ते पॅनेलला माहीत नाही.)

२० तारीख, शनिवार.
बायको आईला भावाकडे सोडून आली. दोनच दिवसांसाठी. आईने निघताना कपाट आवरलं, सगळ्या साड्या नेल्या. दोन दिवसांना इतक्या साड्या? हवापालट म्हणून असेल.

२३ तारीख, मंगळवार.
मुलीची परीक्षा आहे. या घरात अभ्यास होत नाही, म्हणून ती आणि बायको मेव्हणीकडे गेल्या. बायको म्हणाली, पाटी मिळाली की कळवा. तिलाही आता स्पर्धेची गोडी लागली तर.

एकट्यासाठी वेगळी शिस्त आखली : दिवे नाहीत, गीझर नाही, फ्रिज बंद. पाव आणि केळी. आता खरा वेग येणार.

२६ तारीख, शुक्रवार.
गडद हिरवं! ग्रंथपालांपेक्षाही गडद. लॉबीत त्यांना मुद्दाम थांबवून दाखवलं. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, आजी दिसत नाहीत हल्ली, आमची नातवंडं वाट बघतात. म्हणालो, येतीलच.

घर फार शांत आहे. आईच्या खोलीत जाऊन थोडा वेळ बसलो. तिची फार आठवण येते. तिथेही उकडतं.

२८ तारीख, रविवार.
विलक्षण घटना. आमचं पान राखाडी झालंय. संपूर्ण बोर्डावर असं पान दुसरं नाही. राखाडी म्हणजे बहुधा हिरव्याच्या वरची पायरी. माहितीपत्रकात याचा उल्लेख नाही. आजवर कोणी इथवर पोचलंच नसणार.

भाषणाचे मुद्दे काढले. सुरुवात : 'हे यश माझ्या एकट्याचं नाही.'

३० तारीख, मंगळवार. संध्याकाळी ६.
लॉबीत सगळे जमले होते. मी इस्त्रीचा शर्ट घालून पुढे उभा. पाटी ग्रंथपालांना मिळाली.

टेक्निशियनबाईंना गाठलं. राखाडी पानाचा अर्थ विचारला. म्हणाल्या, राखाडी म्हणजे रिकामा फ्लॅट. जाळीच्या आत सेन्सर असतो, तो माणसांच्या श्वासावरून ओळखतो. आठवडाभर काही लागलं नाही, विजेचाही वापर दिसेना, तर मशीनने घर रिकामं धरलं. रिकामी घरं स्पर्धेत नसतात.

मी म्हणालो, पण मी राहतो तिथे. त्यांनी विचारलं, आणखी कोण कोण?

भावाच्या घरी फोन केला. आईनेच घेतला. उद्या महिना पुरा होतो, तर तुझं काय ठरलं, असं विचारलं. ती म्हणाली, इथेच राहते रे. रागवू नकोस. मग विचारलं, जेवलास का. हो म्हणालो. बायकोलाही लावला. परीक्षा संपली, पण मुलीचं मन तिथे रमलंय म्हणे. कधी याल, हे विचारायचं होतं. बोर्डाविषयीच बोलत बसलो.

रात्री ८.
फ्लॅट पुन्हा चालू करून घ्यायला बाईंनी फॉर्म दिलाय. नाव, मजला, फ्लॅट नंबर भरला. पुढचा रकाना : 'राहणाऱ्या व्यक्तींची संख्या'. सवयीने चार लिहिलं. थोड्या वेळाने खोडलं.

खाली बारीक अक्षरात छापलंय, खाडाखोड केलेला फॉर्म चालणार नाही. उद्या नवीन आणावा लागेल.