गिळलेला घास आणि उलटी झडप

सर, सायकलच्या ओल्या ट्यूबमधून लिंबू पुढं सरकतानाचा तो ‘फचक्’ आवाज मला अजून ऐकू येतो. पवनारच्या शाळेत तुम्ही ट्यूबचा हातभर तुकडा आणला होता, दोन ठिकाणी रबर आवळून. मागून चिमटीनं दाबत तुम्ही लिंबू ढकलायचात आणि रबरापाशी थांबायचात. “हे अन्ननळीच्या तळचं दार. गिळलं का सैल होते, अन् लगेच आवळते, नाईतर सारं उलटं वर येईन. हे जठराच्या तळचं. हे थोडं थोडंच सोडते.” मी मात्र कवितेच्या तंद्रीत. परीक्षेत अन्ननळीच्या या झडपेवर चार ओळी रचल्या, की हे दार दिवसभर सताड उघडं असतं, फक्त जेवताना लोटून घेतात. आमच्या आळीतल्या घरांची रीतच तशी होती. तुम्ही शून्य दिलं. “यमक बरोबर हाय लेका, झडप उलटी लावली तुनं.” वर्ग हसला.

यंदा घास छातीत अडकायला लागला. आधी भाकर, मग भात, शेवटी पाणीही. गाठच असणार, असं मीच ठरवून टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. सुनेनं हेरलं. “मामाजी, पायजम्याची नाडी रोज आवळून राह्यले तुम्ही. काऊन लपवता?” वर्ध्याला दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणतात, “आजोबा, गाठबीठ काही नाही. ही झडप एरवी बंदच असते, गिळल्यावर सैल व्हायला हवी. तुमची होत नाही.” आतून फुगा फुगवून त्यांनी ती ताणली. दहा दिवस पेजेवर काढले. आज वरणात कुस्करलेली अर्धी भाकर खाल्ली. ती कधी खाली गेली, कळलंच नाही, सर. किती दिवसांनी काही कळलं नाही.

तुम्ही आता नाहीत, हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून लिहवतंय. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी कामाचं निमित्त सांगून भेटायला आलो नाही. काम नव्हतं. त्या शून्याचा राग होता.

दार वाजलं. देवळीची विहीणबाई, सुनेची आई, हातात डबा. महिन्यापूर्वी घास अडकला म्हणून तिच्याकडं भरलं ताट सोडून न सांगता उठलो होतो, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

“इवाईबुवा, पोरीनं आज सांगतलं मले. आधी बोलाले काय झालं होतं? मले वाटलं, माह्या हातचं आवडलं नाई.” ती डबा उघडते. मऊ वरणफळं. “आता बसा माह्यासमोर.”

थांबतो, सर. ती ताट वाढून राह्यली.