एकोणीसची पट्टी

शिरूर
दि. १६ मार्च २०२५

ती. म्हाळू आप्पा,

साष्टांग नमस्कार.

सुरुवात अशीच करतात ना? शाळेत मराठी होतं आम्हाला, पण पत्रलेखन मी कायम ऑप्शनला टाकायचो. चुकलं तर तुमची नात अक्षदा दुरुस्त करेल. तुमचा चष्मा तुटलाय म्हणाली, म्हणजे हे तीच वाचून दाखवणार. अक्षदा, सावकाश वाच. आणि मधलं काही गाळू नको.

गुडघा कसा आहे? भागुबाई मावशी बऱ्या आहेत ना? इकडं सगळं ठीक. ऊन आत्ताच एवढं आहे की दुपारी पोपटरावांच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही. हृतिक कटिंग मशीनवर असतो, डोक्याला ओला टॉवेल बांधून. तुमच्या टेबलावर सनमायक्याचे तुकडे पडलेत. कुणी उचलत नाही, मी पण नाही.

तुम्हाला चारदा फोन केला. माझा नंबर बघून तुम्ही कट करता. बरोबरच आहे. म्हणून पत्र.

गेम कॅबिनेटचं काम अजून पूर्ण झालं नाही. अक्षदाला माहीत नसेल म्हणून सांगतो. शिक्रापूरला करिश्मा मॅडमचा कॅफे आहे, तिथं ठेवायला व्हिडिओ गेमचं उभं खोकं हवं होतं, पूर्वी गेम पार्लरमध्ये असायचं तसं. लहानपणापासून मला त्याचं वेड. प्लॅन मी इंटरनेटवरून काढला, प्लायचं सगळं काम आप्पांनी केलं. अशा खोक्याच्या कडेला प्लाय उघडा दिसू नये म्हणून प्लास्टिकची पट्टी बसते. पट्टीला मागून काटा असतो. फळीच्या कडेत मधोमध खाच पाडायची आणि रबरी हातोडीनं काटा आत ठोकायचा. खिळा नाही, डिंक नाही. नुसतं माप बरोबर असल्यामुळं ती धरून राहते. माप चुकलं तर काहीच करता येत नाही.

ही पट्टी मी परदेशातून मागवली. लाल, चकचकीत, एकोणीस एमएमची. दीड महिना वाट बघितली तिची. तुम्ही म्हणायचात, "विंजिनेर, पट्टी हाय का नवरी? येतीय येतीय, आन् यीना."

आली तेव्हा मी उड्या मारल्या होत्या. बसवायला घेतली तर फळी वीसची. दोन्ही बाजूंनी सनमायक्याची धार अर्धा-अर्धा एमएम बाहेर. बोट फिरवलं तर कापेल अशी.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पण मी ते एकदाही तोंडानं बोललो नाही, म्हणून लिहितो.

माझा हिशेब असा होता: अठराचा प्लाय, बाहेरून एक एमएमचा सनमायका, झाले एकोणीस. तुम्ही आतूनही सनमायका लावला. करिश्मा मॅडम बघायला आल्या, कडेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे असं का?" मी तिथल्या तिथं बोललो, "मिस्त्रींनी न विचारता आतून पण लावला." तुम्ही दोन हातांच्या अंतरावर उभे होता. पोपटराव ऑफिसमधून बाहेर आले. "म्हाळू, माप न घेता काम करायला लागला का रं आता? म्हातारचळ लागला का?" सगळ्यांसमोर. हृतिकनं मशीन बंद केलं, ऐकायला.

तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी पट्टीकडं बघत राहिलो. तुम्ही हत्याराची पिशवी उचलली आणि गेलात.

आप्पा, तुम्ही विचारलं होतं. मला शब्द न् शब्द आठवतो. मी मोबाइलवर असंच खोकं बनवायचा व्हिडिओ बघत होतो, एका कानात इयरफोन. तुम्ही म्हणाला, "आतनं बी लावतो बरं का. एका अंगालाच लावला की फळी पाठ वाकवती. पट्टी मागवायच्या आधी तयार फळीचं माप घे, आत्ताच मागवू नगंस." मी "हो हो" म्हणालो. ऑर्डर आदल्याच दिवशी टाकली होती. कॅन्सल करता आली असती. व्हिडिओतला माणूस इंग्लिशमध्ये बोलत होता आणि तुम्ही मराठीत, एवढाच फरक होता बहुतेक. त्याच्याकडं तर सनमायका नव्हताच, तो कलर मारतो. हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. तोपर्यंत तुम्ही गेला होता.

पोपटराव माझ्या वडिलांचे पाहुणे, नात्यातले. मी बोललो आणि त्यांना लगेच पटलं. तुम्हाला एक प्रश्न विचारला नाही कुणी. मी कुणाचा पोरगा आणि तुम्ही कोण, एवढ्यावरच निकाल लागला. हे मला त्या वेळी पण कळत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो असेन. थकल्यासारखं होतं हा विचार आला की. रोज येतो.

अक्षदा गेल्या आठवड्यात शिरूरला परीक्षेला आली होती तेव्हा स्टँडवर भेटली. तिनं सांगितलं की शिक्रापूरच्या सोसायटीतलं किचनचं काम तुमचं ठरलं होतं, काँट्रॅक्टरनं पोपटरावांना फोन करून विचारलं, आणि काम गेलं. आणि तुम्ही हत्यारं विकायला काढलीत. रंधे, पटाश्या, सगळी. येत्या तेवीस तारखेच्या रविवारी वरवंडचं गिऱ्हाईक येणार म्हणाली. ती चिडली नाही माझ्यावर. तिला माहीतच नव्हतं की तो पोरगा मीच. "तिथला कुणीतरी पोरगा खोटं बोलला," एवढंच म्हणाली. मी तिला उसाचा रस पाजला आणि घरी आलो.

आता कळलं असेल अक्षदा. सॉरी.

गेल्या रविवारी दौंडला आलो होतो. चौफुल्याला एसटी बदलून. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तुम्ही दारात बाजेवर बसला होता, मावशी काहीतरी निवडत होत्या. मी पाचेक मिनिटं उभा राहिलो आणि मागं फिरलो. मग रिकामा कसा जायचा म्हणून स्टेशनकडच्या भंगारवाल्याकडं गेलो. तुम्ही सांगायचात ना, दौंडात पूर्वी गेम पार्लर होतं, त्याची खोकी तुम्हीच बनवली, त्यातलं एक अजून भंगारात पडलंय, "त्याची पट्टी काढून आण, ती बसंल बघ"? मी हसलो होतो तेव्हा.

खोकं होतं. त्यावर कोंबड्या बसत होत्या. पट्टी काळी, पण धूळ आणि तेलानं तपकिरी झालेली, कडक, जागोजागी आखडलेली. भंगारवाला म्हणाला, "ये प्लास्टिक का क्या करेगा भाई?" मी हळूहळू उपसून काढली. दोन ठिकाणी काटा तुटला. बाकी आली.

पुढचे चार दिवस तेच करत होतो. घमेल्यात गरम पाणी आणि साबण, पट्टी बुडवून ठेवायची. काट्यात बसलेली घाण जुन्या टूथब्रशनं काढायची. मऊ झाली की पत्र्यावर सरळ पसरून दोन्ही टोकांना विटा. ऊन आपोआप सरळ करतं. जिथं फार आखडलीय तिथं हॉट एअर गन, पण लांबून, नाहीतर चमक जाते. वळणाच्या जागी काट्याला कातरीनं व्हीसारखे काप द्यायचे म्हणजे ती वाकते. बोटं पाण्यानं पांढरी पडलीत. हृतिक म्हणतो, "इंद्रा, भांडी घासायला जा, पगार तरी मिळंल."

काल बसवली. वीसची पट्टी, वीसची फळी. दोन्ही बाजूंनी बोट फिरवलं, कुठं अडकलं नाही. तुमची फळी पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

तेवढं सांगून पत्र संपवणार होतो. पण अजून एक आहे, ते तुम्हाला माहीत नाही.

त्या भंगारातल्या खोक्याची मागची फळी सुटलेली होती. आत बघितलं तर पेन्सिलनं लिहिलेलं: म्हाळू, दौंड, १९९६. कोंबड्या, पाऊस, उंदीर, काय काय झालं असेल त्याचं, पण अक्षर स्पष्ट होतं. मी तिथं खाली बसलो. कारण आपल्या खोक्यातही तुम्ही तसंच लिहिलं होतं, मागची फळी लावायच्या आधी. तुम्ही गेल्यावर करिश्मा मॅडमना व्हिडिओ पाठवायचा होता, आतलं वायरिंग दाखवायला. मी पॉलिश पेपर घेतला आणि तुमचं नाव घासून काढलं. तिथं माझ्या नावाचा स्टिकर लावला. दोन मिनिटांचं काम होतं. तीस वर्षं कुणी हात लावला नाही त्या नावाला, आणि मी आठ दिवसांत पुसलं.

कुणी सांगितलं नव्हतं. पोपटरावांनी पण नाही. माझं मीच.

काल संध्याकाळी पोपटरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "येडा का खुळा तू? मिटलेलं कशाला उकरतो?" मी म्हणालो, माफी मागा आप्पांची. तर म्हणाले, "सांग त्याला, ये म्हणावं कामावर. पण चार लोकांत हे काढू नको. माझं नाक कापतो का तू? आन् बाहेर बोललास तर मी म्हणंल, पोरगं म्हाताऱ्याला वाचवायला खोटं बोलतंय." करिश्मा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओके, मग डिलिव्हरी कधी?" खोटं बोललो होतो तेव्हा सगळ्यांनी कान दिला होता.

म्हणून तोंडी बोलण्यावर माझा भरवसा राहिला नाही, स्वतःच्या बोलण्यावरसुद्धा. उद्या पोपटरावांनी दम दिला, वडील मधे पडले, तर मी परत गप्प बसेन की काय, मला सांगता येत नाही. एकदा बसलोय.

हे पत्र त्यासाठी आहे. हत्यारं विकू नका. अक्षदाला सोबत घेऊन शिक्रापूरच्या काँट्रॅक्टरकडं जा आणि त्याला हे द्या वाचायला. झेरॉक्स काढून ठेवा, ओरिजिनल देऊ नका. मला माफ करा असं लिहीत नाही. ते तुमच्यावर परत एक काम टाकल्यासारखं होईल.

स्टिकर काढलाय. जागा मोकळी आहे. तुम्ही आला नाहीत तर तशीच मोकळी जाईल शिक्रापूरला.

तुम्ही मला नावानं कधी हाक मारली नाही, आणि मी पण सगळीकडं नुसतं इंद्रा लिहितो. खाली पूर्ण लिहितोय. कुणी विचारलं की कोण पोरगा खोटं बोलला, तर बोट ठेवून दाखवा.

म्हाळू मिस्त्रींचं माप बरोबर होतं, मी खोटं बोललो,

इंद्रजीत हौसराव दसगुडे
रामलिंग रोड, शिरूर, जि. पुणे