माझा काळा रंग

१२ नोव्हेंबर

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा तसाच.

या घरात माझ्या हातचं काय आहे, ते तुला पाठ आहे, तरी लिहितो. तीन डोलकाठ्यांचं जहाज. त्याच्या एकशे शहाऐंशी कप्प्या, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. शिलाई मशिनच्या चाकाचं दोर वळायचं यंत्र. चारशे हात दोर. कुणी शिकवलं नाही.

तयार दोरा मी कधी वापरला नाही. सूत ज्योतीवरून झरकन ओढून लव जाळायची, तीन पदर वळायचे, रंगवायचे, टोकाला नट बांधून ताणून वाळवायचे, मग मेण. काळा रंगही माझाच: व्हिनेगरात गंजवलेले खिळे आणि कोरा चहा. असा काळा बाजारात मिळत नाही.

रविवारी धूळ झटकताना मधल्या काठीचा एक दोर तुटला. चिमटा लावला, तर शेजारचा गेला. बोटांत नुसता भुगा. काल सतरा गेले. आज मोजले नाहीत.

आई म्हणाली, "अहो, जहाजाला टक्कल पडतंय की!" मी हसलो नाही, तशी आत गेली.

नुसत्या चहातले तपकिरी दोर शाबूत आहेत. फक्त काळे गेले.

दहावीत असताना बाटली हुंगून तू म्हणाली होतीस, "बाबा, हे लोखंड सूत खाणार. दहा-बारा वर्षांत." मी म्हणालो, "पुस्तकं वाचून दोर वळता येत नाहीत, बाईसाहेब." तू विसरली असशील. नसशीलही.

अकरा वर्षं झाली.

आतला दोर बदलायचा तर बाहेरचे सगळे कापावे लागतात. आता माझी नजर तेवढी राहिली नाही. जहाजावर चादर टाकली आहे.

पण हे सांगायला पत्र लिहीत नाही. बारावीनंतर तुला रसायनशास्त्राला जायचं होतं. मी म्हणालो, पैसे नाहीत. तू वाद घातला नाहीस, एका दुकानात कामाला लागलीस. त्याच आठवड्यात, सोमवारी, संग्रहालयाचे एक गृहस्थ घरी येऊन गेले होते. आई बाहेर होती. तिला आजही ठाऊक नाही. जहाज त्यांना हवं होतं, न्यायची जबाबदारी त्यांची, पैसे लगेच. मी म्हणालो, विकायचं नाही. ते सहा लाख चाळीस हजार देत होते.

बाबा