खंड्याच्या घशातलं हाड

१ एप्रिल १९३४, रविवार.
प्रथमोपचाराची परीक्षा पास. बावीस जणांत नववा. पण पहिल्या आठांत सहा कंपाउंडर होते, ते धरायचे नाहीत. सर्टिफिकेट फ्रेम करून दारासमोर लावलं. तिथं सौ.च्या वडिलांचा फोटो होता, तो माजघरात हलवला.
संकल्प : यापुढे आपल्या गल्लीतल्या कोणालाही सिव्हिल हॉस्पिटलची पायरी चढावी लागणार नाही.
पुस्तकात एक गोष्ट खटकते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'नंतर रोग्यास विनाविलंब डॉक्टरकडे न्यावे' असं छापलंय. भाजणं, मोडणं, बुडणं, सगळीकडे तेच. छापखान्याची पद्धत असावी. पत्राखाली 'कळावे' लिहितात, तशी.

३ एप्रिल.
अजून कोणालाही काही झालेलं नाही.
संध्याकाळी कळलं, सौ.चा हात सकाळी तव्यावर भाजला होता. तिनं परस्पर गार पाण्यात धरला आणि आग थांबली. अशा वेळी मला कचेरीतून बोलावून घ्यायचं, असं बजावलं. तिनं ऐकून घेतलं.

५ एप्रिल, सकाळी सात.
अखेर केस!
गल्लीतल्या खंड्या कुत्र्यानं दूधवाल्या केराबाईच्या पोटरीत दात रोवले. चार खुणा. मग पळाला, वाटेत लाकडाच्या ओंडक्याला चावला, नंतर नुसत्या हवेला. ऊन फार आहे यंदा.
बाईला ओट्यावर बसवलं. वर पट्टी आवळली, जखम धुतली, कार्बोलिकचा बोळा दाबला. ती केवढ्यानं ओरडली! म्हणजे औषध आतवर पोचलं. दवाखान्यात जावं लागंल का, असं विचारत होती. मुळीच नाही म्हटलं. विष जागच्या जागी जाळलंय, फक्त रोज माझ्याकडून पट्टी बदलून घ्यायची. सौ. मध्येच 'अहो, पण कुत्रं...' करू लागली. तिला आत पाठवलं. नंतर दोघी मागच्या दारी बराच वेळ कुजबुजत होत्या. दुधाचं काही असेल.

७ एप्रिल, शनिवार.
खंड्याचं कोडं मी सोडवलं.
नळाजवळ बसला होता. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज घोगरा. पाण्याकडे जातो, पण गिळता येत नाही. गल्लीला दोन दिवस दिसलं नाही, ते मला एका नजरेत दिसलं : घशात हाड अडकलंय! त्या वेदनेनंच चावला बिचारा.
पुस्तकात आहेच : बोट घालून वस्तू बाहेर काढावी. मनगटापर्यंत हात घातला. हाड लागलं नाही, खोल गेलं असावं. लोक लांब उभे राहून बघत होते, एकही पुढे झाला नाही.
उजव्या अंगठ्याला दात निसटता लागला. याला चावणं म्हणत नाहीत. ओरखडा. धोतराला पुसला. सौ.ला सांगितलं नाही, ती उगीच घाबरते.

८ एप्रिल.
खंड्या नळामागे मरून पडला. हाडच. माझ्याकडे लांब चिमटा असता तर वाचला असता.
म्युनिसिपालिटीच्या माणसांनी त्याला हात लावला नाही. दोरीनं ओढत नेला. काय हे अज्ञान.
अंगठ्याला कार्बोलिक लावलं. जरा जास्तच लागलं.

९ एप्रिल.
दूध घेऊन केराबाईचा नवरा धुळा आला. केराबाई कशी आहे? 'हाय की.' बस्स, एवढंच.

१० एप्रिल.
आजही धुळाच. पट्टीला पाठव म्हटलं, तर 'तिला सकाळचं जमत न्हाई' म्हणाला आणि चरवीत बघत राहिला. मला ते बघणं आवडलं नाही.
सकाळी तांब्याभर पाणी प्यालो. नीट उतरलं. नोंद एवढ्यासाठीच की उन्हाळ्यात पाणी भरपूर प्यावं.

१२ एप्रिल.
आमच्या कचेरीतले हिंदुराव दुधनीकडचे. तिकडे कुत्री फार आहेत का, एवढंच मी सहज विचारलं. माणसाला किती बोलायचं याचा पोच नसतो. त्यांच्या चुलत्याला म्हणे कुत्रं चावलं, नख लागावं एवढंच. 'दीड म्हैना गडी नांगर धरत हुता. मग एक दिवस चुलतीनं पाण्याचा तांब्या म्होरं केला, आन्...'
मी उठलो. टपाल बघायचं होतं.
घरी येऊन पाच वेळा पाणी प्यालो. पाचव्यांदा ठसका लागला. घाई केल्यामुळे.

१३ एप्रिल.
पाणी पिताना आरशासमोर का उभे राहता, असं सौ.नं विचारलं. दाढी बघतो म्हटलं.
दुपारी पुस्तकातलं 'पिसाळलेले कुत्रे' काढलं. तो धडा शिकवला त्या दिवशी मी वर्गातून लवकर निघालो होतो, घरी पाहुणे होते. लक्षणे : दिसेल ते चावणे, आवाज बसणे, जबडा लोंबणे, घशात हाड अडकल्यासारखे वाटणे.
अडकल्यासारखे.
पुस्तक मिटलं. अंगठ्याला मुंग्या येतात. कार्बोलिकमुळे.

१४ एप्रिल.
केराबाईला सांगायला हवं. मुत्सद्दीपणानं. 'बाई, वैद्यकशास्त्र या आठवड्यात थोडं बदललंय' अशी सुरुवात केली तर माझ्या शब्दालाही बाध येणार नाही. ओट्यावर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज घोगरा आला.
आज नको. उद्या रविवार आहे.

१५ एप्रिल, रविवार.
केराबाईच्या घरी गेलो. धुळा म्हशीला पेंड घालत होता. म्हणाला, 'ती दवाखान्यात हाय.'
पुढचं ऐकलंच नाही. सिव्हिलपर्यंत पळत गेलो. वाटेत चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. माझ्या भरवशावर बाई घरी बसली, एवढंच डोक्यात.
केराबाई व्हरांड्यात बसून मिश्री लावत होती. पोटावर कापूस. चौदापैकी आजची अकरावी सुई.
म्हणाली, 'पैल्या दिसापासनं येती की. बाईसाबांनीच धाडलं. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई.'
मी खांबाला टेकलो. हसू आलं. रडूही आलं असावं, कारण तिनं मला बसायला सांगितलं. मग तिला माझा अंगठा दिसला. काळा पडलाय.
'ह्यो कशानं?'
ओरखडा म्हटलं. कशाचा म्हणाली. दहा दिवसांत पहिल्यांदाच खरं बोललो.
तिचं मिश्रीचं बोट तोंडातच थांबलं. मग उठली आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडली, 'ओ कंपौंडर! ह्यास्नी आदी घ्या! पिसाळल्याच्या तोंडात हात घातलाय ह्यांनी!'
रांग बाजूला सरली. वाट द्यायला की भिऊन, कळलं नाही.
डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस झाले. आठ म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. लागू पडेल ना, असं विचारलं. 'रोज या,' म्हणाले. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.
पहिली सुई टोचली.
घरी सौ.ला सांगितलं. सगळं. ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत राहिले.

१६ एप्रिल.
कचेरीत रजा कळवली. कारण लिहिलं नाही.
सौ. न सांगता बरोबर आली. सुई टोचताना माझा सदरा वर धरून उभी होती. पलीकडून केराबाई सांगत होती, 'हलू नका, हलल्यावर लई दुखतंय.' मी हललो. दुखलं.
येताना टांगा केला नाही, चालत आलो. सात रस्त्याच्या चौकात गाड्या जाऊ द्यायला थांबलो, तेव्हा सौ. म्हणाली, 'अजून बारा ना?'
हो म्हटलं.