दुकानात बसून ओलीत

बाबा, मी आता शेती करते. वर्ध्याच्या दुकानात, काउंटरच्या मागं, पंख्याखाली बसून. तुम्ही आधी "काय?" म्हणाल, मग पुन्हा "काय?" म्हणाल, आणि मग उठून बैलांकडे जाल, म्हणून नीट सांगते. तुम्ही गेलात तेव्हा रांगत होती ती तुमची नात नोकरीला पुण्याला गेली आणि तिचं एक खेळायचं यंत्र कपाटात राहिलं. कंपासपेटीपेक्षा मोठं, पाटीपेक्षा लहान, मधे काच, दोन्ही बाजूंना बटणं, हातात धरून खेळायचं. त्यात शेतीचा एक खेळ आहे. दुपारी दोन ते चार आमच्या दुकानात चिटपाखरू फिरकत नाही. वह्या, पेनं, पुठ्ठे, सगळं आपापल्या जागी झोपलेलं असतं. एक दिवस कंटाळून मी ते यंत्र उघडलं, आणि तेव्हापासून माझं एक वावर आहे. हे तुम्हाला सांगायचं कारण मात्र खेळ नाही, भाऊ आहे. त्याला आपलं आंजी गावचं वावर ठेक्यानं दुसऱ्याला कसायला देऊन टाकायचं आहे आणि माझा होकार हवा आहे. पण त्याच्याकडे मी या खेळातूनच पोचते, त्यामुळे तुम्हाला जरा दम धरावा लागेल.

पहिल्या दिवशी त्या खेळात एक पडीक जमीन मिळते. गोटे, काडीकचरा, झुडपं. ते साफ करायचं, कुदळीनं माती हलवायची, बी टाकायचं, झारीनं पाणी घालायचं. दिवस डोळ्यासमोर पटापट सरतो, अंगातली ताकद संपली की घरी जाऊन झोपायचं, की झाला दुसरा दिवस. मी जमीन साफ केली, बी आणून ठेवलं आणि खेळात पाऊस आला. झालं, मी बसली घरात. पोरीनं फोनवर विचारलं, "आई, पेरलं का?" मी म्हटलं, "अवो, पानी पडलं ना आत्ताच. वाफसा तर येऊ दे." ओल्या चिखलात कुदळ घातली की ढेकळं होतात, माती जरा सुकून भुसभुशीत झाल्याबिगर हात लावायचा नसतो, हे तिला समजावून सांगायला लागली तर ती पोट धरून हसतेय. "आई, गेममधे वाफसा नसतो!" आता मला काय माहीत? बरं, नसतो हे कळूनही माझा हात पावसात पुढं होत नाही. एक दिवस थांबतेच. तसंच चालण्याचं. खेळातली माझी बाई पिकावरून तुडवत गेली तरी पिकाला काही होत नाही. पण मी वाफ्याला वळसा घालूनच जाते. तुमचा आवाज अजून कानात आहे. चौथीत असेन, शाळेतून आल्याबरोबर धावत तुमच्याकडे निघाली आणि नुकत्याच ओललेल्या मेथीच्या वाफ्यात पाय घोट्यापर्यंत गेला. तुम्ही फावडं टाकून ओरडला होता, "आंधळी हायेस का? वाफ्यात पाय देते!" बांधावर, आपल्या धुऱ्यावर बसून मी अर्धा तास रडली. मग तुम्ही चिखलातली माझी चप्पल काढून, पाटाच्या पाण्यात धुऊन, न बोलता समोर आणून ठेवली. ती ओली चप्पल घालून घरी आलेली मला आठवते.

मजा येते का विचाराल तर येते, लय येते. नाही कशाला म्हणू? तिथं रानडुक्कर येत नाही. विजेची लाइन जात नाही. वांग्याला कीड नाही, बाजारात दलाल नाही, पहाटेच्या बसच्या टपावर पोती चढवायची नाहीत. पेटीत माल टाकला की सकाळी पैसे जमा. गाय आहे, तिच्या पाठीवरून रोज हात फिरवला की ती खूश होते आणि दूध जास्त देते. नाही फिरवला तर रुसते, हे मात्र अगदी बरोबर दाखवलं आहे. उन्हाळ्यात तिथं नुसतं कोवळं ऊन असतं. वर्ध्याचा मे महिना त्या खेळ करणाऱ्यांनी पाहिला नसावा, बिचारे. तुमचे जावई येता-जाता टोमणे मारतात. "काय वो पाटलीनबाई, यंदा पऱ्हाटी कशी हाये?" मी म्हणते, "झकास हाये, तुमी गिऱ्हाईक पाहा." पण एकदा ताप येऊन मी दोन दिवस अंथरुणात होती, तर हेच चष्मा लावून बसले आणि माझ्या टमाट्याला पाणी घातलं. गाईला मात्र विसरले. ती रुसली होती.

आता भावाचं. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, वावर ठेक्यानं देऊन टाकतो म्हनतो. माहे गुडघे नाई म्हनून राह्यले. शेजारचा तयार हाये, तुह्यं काय म्हननं?" मी काही बोलायच्या आत त्यानंच पुढं जोडलं, "आन् बाबाले तरी कुठं आवडत होतं ते? जनमभर गधामजुरीच केली ना त्यायनं." बोलण्यात राग होता, आणि तो राग ठेक्यापेक्षा जुना आहे हे मला माहीत होतं. तो ठिबकाचा आहे. तुमच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यानं तुमच्यामागं धोसरा लावला होता की भाजीपाल्याला ठिबक बसवू. नळ्या टाकल्या, मोटार चालू केली, झालं ओलीत, पिकाला आपोआप पाणी, पाटावर उभं राहायला नको. एक दिवस त्यानं माणूसही आणला मोजायला. तुम्ही त्या माणसाला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि गोड बोलून परत पाठवला. भाऊ चिडला. "सगळं गाव बसवून राह्यलं, तुमाले काऊन नाई पाह्यजे?" त्यावर तुम्ही म्हणाला होता, "बटन दाबाचं आन् घरी बसाचं? मंग मी काय करू?" आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा हेकटपणा. भावाला वाटलं, चिक्कूपणा, आणि आपले हाल बाबांना दिसत नाहीत. कारण तुम्ही थकल्यावर फावडं त्याच्याच हातात आलं होतं. भर उमेदीची वर्षं त्यानं पाटातलं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवण्यात घातली. तुम्ही गेलात आणि वर्षाच्या आत त्यानं ठिबक बसवलं. तुमच्याशी झालेलं भांडण त्याचं अजून संपलेलं नाही, दुसऱ्या बाजूनं बोलायला तुम्ही नाही इतकंच.

मलाही त्याचंच खरं वाटत होतं. "या धंद्यात काई ठेवलं नाई, तुमी शिका," हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलं की तुम्हाला शेतीचा वीट आहे असंच आम्ही धरून चाललो. माझं शिक्षण, माझं लग्न, हे वर्ध्याचं सुखाचं घर, सगळं तुम्ही न आवडणारं काम करून उभं केलं, हे मनात कायम टोचत असायचं. संध्याकाळी तुम्हाला बोलवायला मी वावरात यायची तेव्हा ओलीत संपलेलं असायचं, मोटार बंद असायची, आणि तुम्ही फावड्यावर हात टेकून तसेच उभे. समोर ओली काळी माती, बाकी काही नाही. "काय पाहून राह्यले बाबा?" विचारलं की तुम्ही म्हणायचा, "काई नाई." मला वाटायचं, बाबा काळजीत आहेत. मी हळूच तुमचा हात धरून घरी आणायची.

भावाचा फोन आला त्याच आठवड्यात खेळात माझ्याकडे पुरेसे पैसे साठले आणि मी स्प्रिंकलर घेतले. पोरगी कधीची म्हणत होती, "आई, झारीनं किती दिवस घालशील? स्प्रिंकलर लाव, सगळं आपोआप होते." मोठ्या हौसेनं लावले, चारी बाजूंनी मापात बसवले. झोपली, उठली, म्हणजे खेळातली मी. दार उघडून बाहेर येते तर सगळं वावर आधीच ओलं. एकेक चौकोन काळा झालेला. मी झारी हातात घेऊन उभी. या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. गाईच्या पाठीवर हात फिरवला. बाकीचा दिवस तसाच पुढं पडला होता. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "मंग मी काय करू?" समोर एक बाई पोराला कंपासपेटी घ्यायला आल्या होत्या, त्या दचकल्या. म्हणाल्या, "काई म्हनलं का, काकू?" मी म्हटलं, "नाई, तुमाले नाई." त्यांना पेटी दिली, पैसे घेतले, आणि त्या गेल्यावर खाली बसून पदरात तोंड घालून रडली. बाबा, तुम्हाला ते काम आवडत होतं. पाण्यापाशी उभं राहणं आवडत होतं. एक वाफा भरला की पाळ फोडून दुसऱ्यात पाणी सोडायचं, आणि ते कसं सरसर पुढं जातं ते बघत राहायचं, हे तुम्हाला आवडत होतं. तुम्ही हेकट नव्हता आणि चिक्कू तर नव्हताच. सगळ्या घरात ही गोष्ट एकट्या तुम्हाला माहीत होती, आणि तुम्ही ती कुणाला सांगितली नाही.

रविवारी आंजीला गेली. ठरवून गेली होती की भावाला हे सांगायचंच. ठेका दे, नाही तर नको देऊ, पण बाबांवरचा राग सोड. वहिनीनं सांबारवड्या केल्या होत्या, पोरगी आता पुण्याच्या सवयीनं त्यांना कोथिंबीरवड्या म्हणते. खाऊन झाल्यावर वावराकडे निघाली, भाऊ पुढं गेला होता. सगळीकडं ठिबकाच्या काळ्या नळ्या, वांगी, टमाटे, चवळी, शिस्तीत रांगा. पण विहिरीच्या अंगाला सांबाराचे दोन वाफे होते, त्यांत नळी नव्हती. जुना पाट तेवढा राखलेला होता. भाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, फावडं घेऊन, पाण्यात उभा. दुखरे गुडघे घेऊन. मी विचारलं, "इथं काऊन नाई टाकलं ठिबक?" म्हणाला, "नळी पुरली नाई ना." मी बरं म्हटलं. सावलीला म्हणून गुरांच्या कोठ्यात गेली तर खुंटीला नळीचं मोठं भेंडोळं टांगलेलं. त्यावर धूळ, कोळ्याची जाळी. कितीतरी वर्षांचं असेल. मी बाहेर आली आणि त्याच्याजवळ धुऱ्यावर बसली.

मग मी त्याला सांगितलं. खेळाचं सांगितलं, स्प्रिंकलरचं सांगितलं, दचकलेल्या बाईचं सांगितलं. तो आधी हसला, "तू बी ताई, पोराईसारखी!" मग मी म्हटलं, "बाबाले आवडत होतं रे पान्यापाशी. म्हनून नाई बसवलं त्यायनं." वाफा भरत आला होता, त्यानं पाळ फोडली, पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं, पहिल्याची पाळ बांधली. फावडं उलटं करून दोनदा थोपटलं, अगदी तुमच्यासारखं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग सांगाले काय झालतं त्यायले? येकदा म्हनाचं ना का मले बरं वाटते म्हनून. मी कायले भांडलो असतो?" याचं उत्तर तुमच्याजवळ असेल तर असेल, बाबा. दुसरा वाफा भरला तेव्हा तो म्हणाला, "ठेका तं देतोच. गुडघे खरंच नाई ऐकून राह्यले. पन हे दोन वाफे सोडून बाकीचं देईन त्याले. मोटारीपाशी कोनीतरी लागतेच ना." मी म्हटलं, "लागतेच." कोठ्यातल्या भेंडोळ्याचा विषय मी काढला नाही. निघताना त्यानं सांबाराची मोठी जुडी बांधून दिली आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी बी येजो. चपला काढून येजो पन, वाफ्यात पाय देशीन."

हे पत्र दुकानातल्याच पॅडवर लिहिलं, पहिल्याच पानाच्या रेघा वाकड्या छापल्या गेल्या म्हणून न विकता बाजूला ठेवलेलं पॅड होतं. पोस्टात कुठं टाकायचं नाही. गल्ल्याच्या खालच्या खणात राहील, जुन्या शिक्क्यांबरोबर. काल दुपारी मी खेळातले सगळे स्प्रिंकलर उपटून खेळातल्याच घरात नेऊन ठेवले. पोरीला सांगितलं नाही, ती कपाळावर हात मारून घेईल. झारी घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक चौकोन ओला केला. काम संपलं, ताकद संपत आली, घरी जाऊन झोपायचं तर तशीच वावराच्या कडेला उभी राहिली. तुमचे जावई चहा घेऊन आले, काचेत डोकावले आणि म्हणाले, "काय पाहून राह्यली वो?" मी म्हटलं, "काई नाई." खोटं बोलली, बाबा. लय बरं वाटून राह्यलं होतं.