बर्फाची धूळपेर

२७ ऑक्टोबर, सोमवार

दीक्षाचा करार आला. जॉर्जियातल्या एका स्की रिसॉर्टचं हॉटेल, स्वयंपाकघरात मदतनीस, दहा डिसेंबर ते दहा एप्रिल. हॉटेलच्या कर्मचारी विभागातल्या नीनोबाईंनी दुपारी फोनवर खात्री दिली. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा हसल्या. 'तुम्ही पोलिसात आहात का?' म्हटलं, नाही हो, पत्रकार. 'मग चालू द्या.'

बावीस वर्षं आदिलाबादहून बातम्या पाठवते आहे. एका तोंडची गोष्ट छापायची नाही ही सवय. स्वतःच्या पोरीसाठी का मोडायची! तिच्या कॉलेजातले दोघं गेल्या हिवाळ्यात त्याच हॉटेलात होते. दोघांना वेगवेगळा फोन केला. पगार वेळेवर, खोलीत चौघं, जेवण बरं. जुळलं.

नागेश शाळेत शिकवून आला. लेकीचा करार वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'चार महिन्यांसाठी हैदराबादची नोकरी सोडणार ती?'

त्या नोकरीत दोन वर्षं काकड्या कापते आहे! शेगडीपुढं कुणी उभं राहू देत नाही. 'आई, एक परदेशी हंगाम कागदावर आला की मोठं हॉटेल मला दारातून परत पाठवणार नाही.' मला पटलंय. नागेशला पटायला वेळ लागेल. वेळ आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

बसून अंदाजपत्रक केलं. माझी ठेव मुदत संपून मोकळी झाली — दोन लाख चाळीस हजार. जाण्यायेण्याचं तिकीट बासष्ट. परवाना, भाषांतरं, वैद्यकीय तपासणी मिळून अडतीस. विमा साडेनऊ. कपडे, बूट एकतीस. हातात पंचवीस. उरतात चौऱ्याहत्तर हजार पाचशे. छान बसतंय.

दीक्षाला फोनवर वाचून दाखवलं.

'स्कीचं कुठाय?'

'कशाचं?'

'स्की, आई! शिकवणी आणि सामानाचं भाडं. कर्मचाऱ्यांना निम्म्या दरात आहे. बारा हजार.'

म्हटलं, तू कामाला चाललीस.

'बर्फात चार महिने राहून नुसते कांदे कापू? परत आल्यावर लोक विचारतील, स्की कशी असते, तर सांगू — खिडकीतून चांगली दिसते?'

बारा हजार घातले. शिल्लक साडेबासष्ट.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज माझी फजिती झाली. लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

आदिलाबादची थंडी म्हणजे साऱ्या तेलंगणात पहिली. त्यामुळे थंडीचं आपल्याला कुणी शिकवू नये, असा आमचा एक तोरा. मी बाजारातून दीक्षासाठी जाड सुती आतल्या कपड्यांचे सहा जोड आणले. वर कापूस भरून बंडी शिवून घेतली — ह्या वर्षीचा कापूस, पांढरा शुभ्र. फोटो काढून नीनोबाईंना पाठवला. कौतुकाची अपेक्षा होती!

उत्तर आलं: अंगाला लागून सुती काहीही नको. घाम आला की कापूस ओला होतो, लवकर वाळत नाही आणि माणूस आतून गारठतो. लोकर आणा.

कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या भागाबाईला सांगितलं. ती मेथी तशीच हातात धरून बघत राहिली. 'कापूस नोको म्हनते? मंग साऱ्या जिल्ह्यानं काय झक मारून राह्यली का वो बाई?'

लोकर नागपूरला मिळेल. कपड्यांचे एकतीस आता सदतीस. शिल्लक साडेछप्पन. बंडी नागेश घालणार आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भीमपूरला गेले होते, कापसाच्या वेचणीची बातमी करायला. चंपतराव बांधावरच भेटले. वीस वर्षांची ओळख. पीकपाण्याचं काहीही लिहायचं असलं की आधी त्यांना विचारते. त्यांनीच दीक्षाचा विषय काढला. मी सगळं सांगितलं — तारखा, पगार, तिकीट. ते ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. शेवटी म्हणाले,

'अन् बर्फच नाई पडला तं?'

मी हसले. 'तो डोंगर आहे हो चंपतराव. तिथं पडतोच.'

'पडते ना. आमच्याबी इथं पाऊस पडतेच.'

घरी येऊन पर्स न ठेवता करार काढला. सातवं कलम. पगार रिसॉर्टच्या लिफ्ट — स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे, बर्फ पडल्यावरच चालतात — सुरू झाल्या त्या दिवसापासून. दहा डिसेंबर ही नुसती हजर व्हायची तारीख! हे कलम मी तीनदा वाचलं होतं.

दर जूनला मी लिहिते — पावसाने ओढ दिली, पेरण्या खोळंबल्या. बावीस वर्षं हेच लिहिलंय. आणि बर्फ मात्र तारखेला हजर होतो, असं धरून बसले! ज्याचं सारं आयुष्य आभाळावर, त्यालाच पहिला प्रश्न सुचला.

१३ नोव्हेंबर

नीनोबाईंनी दिलेली माहिती: गेल्या वर्षी लिफ्ट चौदा डिसेंबरला सुरू झाल्या. त्याआधी एका वर्षी अठ्ठावीसला. पंचवीस डिसेंबरपर्यंत सुरू झाल्या नाहीत, तर हॉटेल निम्मे हंगामी लोक घरी पाठवतं. परत पाठवलेल्यांना हंगामाचं प्रमाणपत्र नाही.

पर्याय दोन. तारखेला या — खोली आणि जेवण मिळेल, पगार नाही, साफसफाईला हातभार लावा. किंवा घरी थांबा, बर्फ पडला की बोलावू.

नागेश: 'थांबायचं. यात विचार करण्यासारखं आहे काय?'

दीक्षा: 'मी राजीनामा देऊन बसले, बाबा.'

दोघंही खरं बोलतात. पंचाईत तीच.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चंपतरावांना फोन लावला. म्हटलं, बातमीसाठी नाही, घरच्यासाठी विचारते. तुम्ही धूळपेर कशी ठरवता? पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकायचं धाडस दर वर्षी ते करतात. शेजारचे करत नाहीत.

'आता पाहा बाई. बी जमिनीत असन तं पहिला पाऊस कामाचा. पोतं घरात अन् पाऊस वावरात, मंग काय उपेग? चिखल झाला का चार रोज आत पाय टाकता येत नाई.'

'आणि नाही आला तर?'

'तं गेलं बी. पन सारं बी नाई टाकत ना कोनी! दुसऱ्या पेरनीचं घरात ठेवाव, मंग धूळपेर कराव. ज्याच्या घरात दुसरं बी नाई, त्यानं धूळपेर करू नाई. एवढंच हाय, दुसरं काई नाई.'

मग म्हणाले, 'पोट्टीले सांगा, आमी बी वाट पाहून राह्यलो म्हनून. बर्फाची!'

फोन ठेवून वहीतली शिल्लक पुन्हा पाहिली. साडेछप्पन हजार. आतापर्यंत मी तिला 'उरलेले' म्हणत होते. खोडून लिहिलं: दुसरी पेरणी. रिकाम्या हातानं परत आली तर हैदराबादला खोली भाड्यानं घेऊन दोन-तीन महिने नवी नोकरी शोधता येईल एवढे. त्याला हात लावायचा नाही.

जायचं. तारखेलाच जायचं.

नागेशला सांगितलं. तो म्हणाला, 'तू ठरवून सांगतेस का विचारतेस?' म्हटलं, ठरवून विचारते. हसला. बऱ्याच दिवसांनी.

२३ नोव्हेंबर

नागपूर. लोकर, बूट, हातमोजे. दुकानदार हिंदीत: 'मॅडम, कुल्लू-मनाली?' दीक्षा म्हणाली, 'उससे थोडा आगे.'

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळच्या बसनं आम्ही तिघं हैदराबादला निघालो. गुडीहत्नूरच्या पुढं बस थांबली तेव्हा नागेश खाली उतरून चहा घेऊन आला — तीन कप हातात धरून, बोटं भाजत. दीक्षाला म्हणाला, 'तिथं कुणी पाहिलं नाही तरी भांडं नीट घास.' एवढाच उपदेश. तिनं मान हलवली. मग दोघं खिडकीबाहेर बघत बसले. मीही.

६ डिसेंबर, शनिवार

पोचली, तारखेच्या चार दिवस आधीच. दुपारी फोन आला.

नागेश सकाळपासून पुतळ्याजवळच्या कार्यक्रमात होता. दर वर्षी बापलेक बरोबर मेणबत्ती लावतात, ह्या वर्षी एकटाच. दीक्षाचा निरोप त्याच्यासाठी: 'खोलीत मेणबत्ती लावायला बंदी आहे. मागच्या पायरीवर लावली. वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा राहिली. बाबांना सांग — जय भीम.'

सांगितलं. तो 'बरं' म्हणाला आणि तोंड धुवायला गेला.

१० डिसेंबर

बर्फ नाही.

११ डिसेंबर

आज सकाळी आदिलाबादला सात अंश. तिथं नऊ! दीक्षा म्हणते, डोंगर उघडाबोडका, तपकिरी दिसतो. लिफ्टच्या खुर्च्या नुसत्या तारेवर टांगलेल्या.

१४ डिसेंबर, रविवार

आता गल्लीचाच विषय झालाय. भागाबाई लांबूनच ओरडते, 'पडला का वो?' मी हात हलवते, नाही. मग ती कोथिंबिरीची एक जुडी जास्त टाकते. का, कोण जाणे.

वेळेवर आलेले एकूण नऊ. स्वयंपाकघरात तिघं. बाकीचे आपापल्या देशांत फोनची वाट बघताहेत. दीक्षा सकाळी भांड्यांची फडताळं धुते, दुपारी मोकळी. भट्टीवर एक म्हातारी बाई आहे, तिला इंग्रजी येत नाही. ती दीक्षाला चीज भरलेली भाकरी शिकवते. पहिल्या दिवशी हाताला धरून, दुसऱ्या दिवशी हातावर चापट मारून. काल तीस केल्या, म्हातारीनं आठ बाजूला काढून कुत्र्याला टाकल्या. 'बावीस चांगल्या, आई!'

शेगडीपुढं उभी आहे. पगाराशिवाय का होईना.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ताजं: परत पाठवायच्या लोकांची यादी हॉटेलनं करायला घेतली आहे. नीनोबाईंनी खात्री दिली. दीक्षाचं नाव आहे का, विचारलं. 'आज सांगता येणार नाही.' नाही म्हणाल्या नाहीत. मी अशी उत्तरं ओळखते. आयुष्यभर अशीच उत्तरं लिहून घेतली.

नागेश: 'बोलाव तिला. अजून सन्मानानं येईल.'

दीक्षाचा फोन. आधी शांत बोलली. मग म्हणाली, 'आई, मी चुकले का?' आणि रडायला लागली.

मी तिला धीर दिला नाही. मला ते जमतही नाही. विचारलं, आज काय शिकलीस?

नाक ओढलं. 'तीन चुली एकदम सांभाळायला. म्हातारीला ताप आहे. आम्हा नऊ जणांचं मीच केलं.'

'काही जळलं?'

'नाही.'

'मग चुकली नाहीस. पंचवीसपर्यंत थांब.'

फोन ठेवल्यावर परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येते का, ते पाहिलं. हे फक्त इथं लिहिते.

२० डिसेंबर

हवामानाचे चार अंदाज पाहिले. दोन म्हणतात सोमवारी, दोन म्हणतात नाही. असली बातमी मी परत पाठवली असती.

२२ डिसेंबर, सोमवार

पडतोय!!

दीक्षानं व्हिडिओ पाठवला. काही दिसत नाही, नुसतं पांढरं, आणि मधे तिचा आवाज — 'आई, आवाजच नाही याला!' नागेशनं सात वेळा पाहिला. मी मोजलं. मग दारात जाऊन कोपऱ्याकडं हात वर केला. भागाबाई उठून उभी राहिली, 'पडला गं माय, पडला!' — गिऱ्हाईक हातात वांगी घेऊन बघतच राहिलं.

चंपतरावांना फोन केला. 'किती इंच?' म्हणाले. मला ते विचारायचं सुचलंच नव्हतं!

२३ डिसेंबर

लिफ्ट सकाळी सुरू झाल्या. यादी रद्द, असं नीनोबाई सांगतात. आजपासून पगार. घरी थांबलेल्यांना बोलावणी गेली, परवापर्यंत पोचतील. मुख्य आचारी सामान आणायला खाली शहरात गेला आहे. पाहुण्यांच्या बसेस एकामागून एक वर येताहेत. दीक्षाला बोलायला सवड नाही. तिला पुन्हा भाज्या कापायला लावलं आहे — गर्दी वाढली की मदतनिसानं मदतनिसासारखं राहायचं.

नागेश म्हणतो, 'झालं ना सगळं नीट?' झालं. तरी मन खट्टू आहे थोडं. भाज्याच कापायच्या होत्या तर...

२५ डिसेंबर, गुरुवार

दोन रात्रींत सव्वा मीटर बर्फ. दरीतला रस्ता बंद, निदान दोन दिवस. मुख्य आचारी आणि बोलावलेले अकरा जण खाली अडकले. म्हातारी अजून अंथरुणात. वर हॉटेलात एकशे साठ पाहुणे, स्वयंपाकघरात तिघं, आणि त्यातल्या एकीलाच भट्टी येते.

नीनोबाईंनी आज आपणहून फोन केला. मी विचारायच्या आधीच दोनदा सांगितलं:

उद्या सकाळी सातला, आपल्या साडेआठला, एकशे साठ जणांचा नाश्ता दीक्षा काढणार.